इटलीचे स्वयंपाकघर आणि इटालियन भाषा

१. प्रश्नाचे स्वरूप

डिसेंबर २०२५ मध्ये दिल्ली येथे भरलेल्या युनेस्कोच्या समितीच्या बैठकीत इटालियन पाकसंस्कृतीचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत करण्यात आला. त्याच बैठकीत आपल्या दीपावलीलाही हा मान मिळाल्यामुळे आपल्याकडील वृत्तपत्रांचे लक्ष साहजिकच तिकडे गेले व इटलीसंबंधीचा निर्णय काहीसा मागे पडला. भाषेच्या अभ्यासकाने मात्र या निर्णयाकडे दुर्लक्ष करू नये. नेपल्स येथील पिझ्झा करणाऱ्यांची कला या यादीत २०१७ मध्येच आली होती. पण ती एका नगराची कला होती. भूमध्यसागरी आहारपद्धती २०१० मध्ये आली होती. पण ती अनेक देशांची समाईक होती. आता मात्र एका संपूर्ण राष्ट्राची पाकसंस्कृती हीच एक वस्तू मानली गेली आहे.

अशी एक वस्तू खरोखर अस्तित्वात आहे काय? या प्रश्नावर इटलीतील विद्वानांत गेली काही वर्षे कडाक्याचा वाद चालू आहे. पार्मा विद्यापीठातील आर्थिक इतिहासाचे अध्यापक अल्बेर्तो ग्रांदी यांचे म्हणणे असे की, ज्याला आज परंपरेचे नाव दिले जाते त्याचा बराचसा भाग दुसऱ्या महायुद्धानंतर, अमेरिकेत गेलेल्या इटालियनांच्या आणि नव्या खाद्योद्योगाच्या हातून घडला. प्राचीन इटालियन पाककला ही एक रचलेली कथा आहे. उलट बोलोन्याचे इतिहासकार मास्सिमो मोंतानारी यांचे प्रतिपादन असे की, इटालियन पाककला म्हणजे पदार्थांची एक ठराविक यादी नव्हे. अनेक नगरांच्या व प्रांतांच्या स्वयंपाकपद्धतींनी शतकानुशतके परस्परांशी केलेल्या देवघेवीचे ते जाळे आहे, आणि जाळे हीदेखील एक वास्तव गोष्ट असते.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा वाद ओळखीचा वाटला पाहिजे. 'इटालियन पाककला आहे काय?' या प्रश्नाच्या जागी 'इटालियन भाषा आहे काय?' हा प्रश्न ठेवला, तर दोन्हीकडची प्रमाणे जवळजवळ तशीच मांडता येतात. इटलीचे अन्न व रोजचे रीतिरिवाज यांचा आस्वाद त्यांच्या नावांच्या वाटेने घेतला असता हा वाद अधिक स्पष्ट होतो, एवढेच प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

२. कोंडा आणि पीठ

इटलीचे राज्य १८६१ मध्ये एक झाले. त्या वेळी साऱ्या देशात इटालियन भाषा बोलू शकणाऱ्यांचे प्रमाण अवघे अडीच टक्के होते, असा हिशेब तुल्लिओ दे माउरो यांनी एकीकृत इटलीच्या भाषिक इतिहासावरील आपल्या १९६३ च्या ग्रंथात मांडला. आर्रीगो कास्तेल्लानी यांनी पुढे १९८२ मध्ये तस्कनी व मध्य इटलीतील बोलींची इटालियनशी असलेली जवळीक लक्षात घेऊन हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास नेले. कोणताही आकडा घेतला तरी दहांतील नऊ इटालियन लोक घरात, शेतात व बाजारात इटालियन बोलत नव्हते. ते व्हेनेतोची, नेपल्सची, सिसिलीची, पिएमोन्तेची भाषा बोलत होते. या बोली म्हणजे इटालियनचे अपभ्रंश नव्हेत. लॅटिनच्या त्या स्वतंत्र कन्या असून इटालियन ही त्यांतीलच एक, फ्लॉरेन्सची, साहित्याच्या बळावर थोरलेपण मिळालेली बहीण होय.

हे थोरलेपण ठरविण्याचे काम जिने केले त्या संस्थेचे नावच स्वयंपाकघरातून आलेले आहे. फ्लॉरेन्स येथे १५८३ मध्ये स्थापन झालेल्या 'आक्कादेमिआ देल्ला क्रुस्का' या पंडितसभेच्या नावातील 'क्रुस्का' म्हणजे कोंडा. चाळणीने पीठ व कोंडा वेगळा करावा त्याप्रमाणे शुद्ध शब्द निवडून घ्यावयाचे, हा तिचा संकल्प. तिचे चिन्ह पीठ चाळण्याचे यंत्र. सभासदांची बोधचिन्हे भट्टीत पाव सरकविण्याच्या फावड्याच्या आकाराच्या फळ्यांवर रंगविलेली. लिओनार्दो साल्व्हिआती या प्रमुख सभासदाने घेतलेल्या टोपणनावाचा अर्थ 'पिठाने माखलेला'. याच सभेने १६१२ मध्ये आपला मोठा कोश प्रसिद्ध केला. पण चाळणीखाली पडलेल्या पिठाची भाकरी होऊन ती घरोघर जावी लागते. कोशातील भाषा चुलीपर्यंत पोचण्यास आणखी तीन शतके लागली, आणि ती पोचविणाऱ्यांत एका पाकशास्त्राच्या पुस्तकाचा वाटा फार मोठा आहे.

३. आर्तूझींचा ग्रंथ

पेल्लेग्रीनो आर्तूझी यांचा जन्म १८२० मध्ये रोमान्या प्रांतातील फोर्लिंपोपोली या गावी झाला. १८५१ मध्ये एका दरोडेखोर टोळीने ते गाव लुटल्यावर हे कुटुंब फ्लॉरेन्सला येऊन राहिले. आर्तूझी व्यवसायाने व्यापारी होते. साहित्याचा नाद असल्यामुळे त्यांनी फोस्कोलो या कवीचे चरित्र लिहिले होते. सत्तरी उलटल्यावर, १८९१ मध्ये, त्यांनी स्वयंपाकाचे शास्त्र व उत्तम भोजनाची कला या विषयावरील आपला ग्रंथ पदरमोड करून छापला. पहिल्या आवृत्तीत ४७५ पाककृती होत्या. प्रारंभी त्याला कोणी विचारीना. स्वतःच्या गावी सोडतीच्या बक्षिसांसाठी त्यांनी दोन प्रती दिल्या, तर त्या ज्यांना मिळाल्या त्यांनी तंबाखूच्या दुकानदाराला विकून टाकल्या, ही हकीकत त्यांनीच पुढील आवृत्तीत निर्मळ विनोदाने सांगितली आहे. पुढे मात्र आवृत्तीमागून आवृत्ती निघाली, ठिकठिकाणच्या वाचकांची, विशेषतः गृहिणींची पत्रे येऊ लागली, आणि त्या पत्रांतून आलेल्या कृती पारखून घेत घेत अखेरच्या आवृत्त्यांतील संख्या ७९० वर गेली. १९११ मध्ये ते निवर्तले, तेव्हा ग्रंथाचे हक्क त्यांनी आपल्याकडील दोन स्वयंपाक्यांना, मारिएत्ता साबातीनी आणि फ्रान्चेस्को रुफ्फील्ली यांना, देऊन ठेवले होते.

या ग्रंथाची भाषा हा खरा मुद्दा आहे. त्या काळी प्रतिष्ठित इटालियन स्वयंपाकाची परिभाषा अर्धीअधिक फ्रेंच होती आणि घरगुती स्वयंपाकाची परिभाषा संपूर्णपणे बोलींची होती. आर्तूझींनी दोन्ही टाळून तस्कनीच्या जिवंत बोलण्यावर आधारलेली, सुबोध व खेळकर इटालियन योजिली. ग्रंथारंभी त्यांनी एक लहानसा शब्दसंग्रह दिला व तस्कनीबाहेरच्या वाचकांना न कळणारे शब्द त्यात उलगडून सांगितले. म्हणजे या पाकग्रंथाला स्वतःचा कोश जोडावा लागला! मांझोनींनी आपली कादंबरी १८२७ मध्ये प्रसिद्ध केल्यावर फ्लॉरेन्सच्या वळणाने पुन्हा लिहून काढली व १८४० ते १८४२ मध्ये नव्याने छापली; राष्ट्रभाषेच्या घडणीतील तो टप्पा सर्वांना परिचित आहे. पिएरो कांपोरेझी यांनी १९७० मध्ये आर्तूझींच्या ग्रंथाची नवी आवृत्ती संपादित करताना असे मत मांडले की, देशाच्या एकीकरणास या पुस्तकाने मांझोनींच्या कादंबरीपेक्षाही अधिक हातभार लावला. मत धाडसाचे आहे. पण त्यातील इंगित खरे आहे. कादंबरी वाचण्यास अवकाश लागतो. जेवण रोज करावे लागते.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. आर्तूझींच्या ग्रंथात बोलोन्या व फ्लॉरेन्सकडील पदार्थ पुष्कळ, दक्षिणेचे थोडे. प्रमाणभाषेप्रमाणेच प्रमाण स्वयंपाकालाही एक भूगोल असतो, व त्या भूगोलाबाहेर राहणाऱ्यांना त्यात आपले घर पुरते सापडत नाही.

४. एका फळाची तीन नावे

शब्द व वस्तू यांचा अभ्यास बरोबरीने झाला पाहिजे, या तत्त्वावर कार्ल याबेर्ग व याकोब युड या स्विस पंडितांनी इटली व दक्षिण स्वित्झर्लंडचा भाषिक नकाशासंग्रह १९२८ ते १९४० या काळात आठ खंडांत प्रसिद्ध केला. पाउल शॉयरमायर, गेर्हार्ड रोल्फ्स व माक्स लिओपोल्ड वाग्नर यांनी गावोगाव हिंडून शब्द टिपले. शॉयरमायर यांनी शब्दांबरोबर नांगर, भट्ट्या, परड्या व चुली यांची छायाचित्रेही जमविली. कारण परडीचा आकार ठाऊक नसताना परडीच्या पाच नावांची चर्चा करणे व्यर्थ, अशी या पद्धतीची धारणा होती.

इटलीत खाद्यपदार्थांच्या नावांची प्रादेशिक विविधता किती आहे हे पाहण्यास कलिंगडाचे उदाहरण पुरे आहे. मध्य इटलीत ते 'कोकोमेरो', उत्तरेस 'आंगूरिआ', दक्षिणेत पाण्याचे खरबूज अशा अर्थाचे नाव. पहिल्या शब्दाचे मूळ काकडीवाचक लॅटिन शब्दात आहे, दुसऱ्याचे ग्रीकमध्ये. हे तिन्ही शब्द आज बोलींचे नसून इटालियनचेच मानले जातात. फक्त प्रदेशानुसार वेगळे. अशांना इटालियन अभ्यासक जी संज्ञा वापरतात तिला आपण 'स्थलपर्याय' म्हणू. सकाळी कॉफीबरोबर खाण्याचा शिंगाच्या आकाराचा गोड पाव रोममध्ये 'कोर्नेत्तो' आहे, तर मिलानमध्ये त्याला 'ब्रिओश' म्हणतात. पिठाच्या पारीत सारण भरून केलेला लहानसा पदार्थ बोलोन्यास 'तोर्तेल्लीनी', रोमान्यात 'काप्पेल्लेत्ती' म्हणजे टोप्या, पार्म्यास 'आनोलीनी', पिएमोन्तेत 'आन्योलोत्ती'. आणि प्रत्येक ठिकाणचा मनुष्य आपला पदार्थ शेजाऱ्याच्या पदार्थाहून निराळाच आहे, असे शपथेवर सांगतो. नावे वेगळी म्हणून वस्तू वेगळी मानावी, की वस्तू सारखी म्हणून नावे पर्यायी मानावी, हा प्रश्न येथे भाषाशास्त्राच्या वर्गात नव्हे तर जेवणाच्या मेजावर लढविला जातो.

रॉबर्ट र्युएग यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सुशिक्षित इटालियन माणसांच्या नित्याच्या बोलण्यातील २४२ कल्पनांसाठी १२४ व्यक्तींकडून शब्द मिळविले होते. सर्वच्या सर्व १२४ व्यक्तींनी एकच शब्द सांगितला अशी कल्पना त्यांत फक्त एक निघाली: उपाहारगृहात मिळणारी कडक कॉफी, म्हणजे 'एस्प्रेस्सो'. दान्तेच्या भाषेचे ऐक्य सहा शतकांनंतर कॉफीच्या एका पेल्यात सापडावे, यात थोडा विनोद आहे खरा. पण त्याचे कारण सरळ आहे. ती वस्तू नवी होती. मिलानच्या लुइजी बेझ्झेरा यांनी तिच्या यंत्राचा हक्क १९०१ मध्ये नोंदविला, आणि आकीले गाज्जा यांच्या तरफेच्या यंत्राने १९४८ पासून तिच्यावर तो तपकिरी फेस आणला. जुन्या वस्तूंना प्रत्येक गावाने आपले नाव आधीच दिलेले होते. यंत्रातून आलेली नवी वस्तू मात्र आपले नाव बरोबर घेऊनच गावात शिरली.

५. प्रत्ययांचे भोजन

गव्हाच्या पिठाचे जे शेकडो आकार 'पास्ता' या एका नावाखाली येतात, त्यांची नावे म्हणजे इटालियन प्रत्ययप्रक्रियेचा चालताबोलता पाठ होय. 'स्पागो' म्हणजे सुतळी; लघुत्वदर्शक प्रत्यय लागून, अनेकवचनात 'स्पागेत्ती'. 'व्हेर्मे' म्हणजे किडा, त्यावरून 'व्हेर्मिचेल्ली', 'ओरेक्क्यो' म्हणजे कान, त्यावरून पुल्यातील 'ओरेक्क्येत्ते', 'लिंग्वा' म्हणजे जीभ, तीवरून 'लिंग्वीने'. नळीला गुरुत्वदर्शक प्रत्यय लावला की 'कान्नेल्लोनी'. 'पेन्ने' म्हणजे लिहिण्याची पिसे, 'फार्फाल्ले' म्हणजे फुलपाखरे, 'कोंकील्ये' म्हणजे शिंपले. 'स्त्रोत्सप्रेती' म्हणजे पाद्र्यांचा गळा आवळणारे, हे नाव जेथे पोपची सत्ता होती त्या रोमान्या-उंब्रियाच्या पट्ट्यात नांदावे, हे सूचक आहे. ही सगळी नामे अनेकवचनी आहेत. एकच स्पागेत्तो कोणी खात नाही.

आपल्याकडील जुन्या घरांत लग्नकार्यासाठी हाताने वळले जाणारे गव्हले, नखुले, मालत्या, फेणुल्या हे पदार्थ ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना ही नामकरणपद्धती परकी वाटणार नाही. गव्हासारखा तो गव्हला, नखासारखा तो नखुला: वस्तूच्या रूपावरून नाव व प्रत्ययाने आलेले लहानपण. येथे उसनवारी नाही, संपर्कही नाही. बोटांनी लहान लहान आकार घडविणाऱ्या स्त्रियांनी दोन ठिकाणी स्वतंत्रपणे तीच युक्ती योजिली, एवढेच.

पास्त्याचा उगम मार्को पोलोने चीनहून आणलेल्या शेवयांत आहे, ही कथा अजून सांगितली जाते. शब्दांची साक्ष तिच्या विरुद्ध आहे. मार्को पोलो व्हेनिसला परतला १२९५ मध्ये. पण जेनोआ येथील १२७९ च्या एका मालमत्तायादीत 'माकारोनी' भरलेल्या पात्राची नोंद आहे. त्याहीपूर्वी, ११५४ मध्ये, सिसिलीच्या नॉर्मन राजा रुज्जेरोच्या दरबारी असलेल्या अल्-इद्रीसी या अरब भूगोलवेत्त्याने पालेर्मोजवळील त्राबिआ या गावी 'इत्रिया' नावाच्या वाळविलेल्या शेवया मोठ्या प्रमाणात होतात व जहाजांतून कालाब्रियास आणि इतर मुस्लिम व ख्रिस्ती देशांस पाठविल्या जातात, असे लिहून ठेवले आहे. हा अरबी शब्द मुळात ग्रीकवरून आलेला. आणि आजही सालेन्तो भागात हरभरे व पास्ता यांच्या पदार्थाला 'चीचेरी ए त्रीआ' म्हणतात. ग्रीक, अरबी व लॅटिन अशा तीन सत्ता त्या भूमीवरून गेल्या. त्यांतील दोन सत्तांचा प्रवास या दोन अक्षरी 'त्रीआ'त टिकून राहिला, आणि तो टिकला बोलीत, प्रमाणभाषेत नव्हे.

६. परंपरेचे वय

ग्रांदींच्या बाजूने जे सांगता येते तेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ज्या टोमॅटोवाचून इटालियन स्वयंपाकाची कल्पना करवत नाही तो अमेरिकेहून सोळाव्या शतकात आला. 'पोमोदोरो' या त्याच्या नावाचा अर्थ सोन्याचे फळ. आरंभी आलेल्या जाती पिवळ्या असाव्यात, असा तर्क या नावावरून केला जातो. नेपल्सच्या आन्तोनिओ लातीनी यांच्या १६९० नंतर छापलेल्या ग्रंथात टोमॅटोची चटणी आहे, पण ती 'स्पेनच्या पद्धतीची' म्हणून. शेवयांवर टोमॅटोचा रस घालण्याची रीत एकोणिसाव्या शतकात रूढ झाली. इप्पोलितो काव्हाल्कान्ती यांच्या १८३९ च्या आवृत्तीत ती आहे. त्यांच्या ग्रंथाचा थाटामाटाच्या पंक्तींविषयीचा मुख्य भाग इटालियनमध्ये, तर घरगुती स्वयंपाकाची पुरवणी नेपल्सच्या बोलीत आहे. दिवाणखान्याची भाषा एक व चुलीची दुसरी, हे द्वैत एकाच ग्रंथात इतक्या उघडपणे क्वचितच दिसते.

'कार्बोनारा' या नावाने आज जो पदार्थ रोमची पुरातन ठेव म्हणून मिरविला जातो, त्याचा दुसऱ्या महायुद्धापूर्वी मागमूस लागत नाही. त्याची पहिली छापील कृती १९५२ मध्ये शिकागो येथे निघाली. इटलीतील एका मासिकात ती १९५४ मध्ये आली, तेव्हा तीत ग्र्युएर हे स्विस चीज होते. आज कोणी त्यात साय घातली तर रोमन गृहस्थ संतापतो. परंपरेचा नियम परंपरेपेक्षा तरुण असू शकतो; व्याकरणाच्या पुस्तकांतही असे नियम आपणांस भेटतात.

याहून गंभीर अशी एक बाजू आहे. गरिबांच्या स्वयंपाकाचे आज जे कौतुक चालते, त्यात भुकेचे विस्मरण होते. उत्तर इटलीतील शेतमजूर अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत मक्याच्या 'पोलेंता'वर, जवळजवळ तेवढ्यावरच, जगत होते. मक्यातील नायासिन हे जीवनसत्त्व चुन्याच्या पाण्यात शिजविल्यावाचून शरीराला मिळत नाही. मेक्सिकोच्या लोकांना ही युक्ती माहीत होती, पण मका युरोपात आला तो तिच्यावाचून. त्वचा खरखरीत होणे, अतिसार व शेवटी बुद्धिभ्रंश असा जो रोग त्यामुळे उद्भवला, त्याला मिलानचे वैद्य फ्रान्चेस्को फ्रापोल्ली यांनी १७७१ मध्ये खेड्यातील लोकांचाच शब्द दिला: 'पेल्लाग्रा', म्हणजे खरखरीत कातडी. हैदराबादच्या पोषणसंशोधकांना १९६० च्या सुमारास दख्खनमधील ज्वारीवरच राहणाऱ्या गरिबांत हाच रोग आढळला, तेव्हा त्यांनीही लोम्बार्दीच्या शेतकऱ्यांचाच शब्द वापरला. पिझ्झा व पास्ता हे शब्द जगभर गेले हे सर्वांस ठाऊक आहे. त्याच स्वयंपाकघरातून हाही शब्द जगभर गेला. १८७६ ते १९१५ या काळात सुमारे एक कोट चाळीस लाख माणसे इटली सोडून गेली, त्यामागील कारणांपैकी भूक हे एक होते. परदेशी मजुरी करून मांस व पांढरा पाव त्यांना परवडू लागला, तेव्हा सणावाराचे अन्न हे त्यांच्या नातवंडांच्या दृष्टीने 'परंपरागत रोजचे अन्न' झाले.

७. नित्याचे रिवाज

इटलीत जेवणाला क्रम असतो, व तो क्रम शब्दांनी बांधलेला असतो. 'प्रीमो' म्हणजे पहिला पदार्थ, पास्ता किंवा भात. 'सेकोन्दो' म्हणजे दुसरा, मांस किंवा मासळी. 'कोन्तोर्नो', मूळ अर्थ भोवतालची कड, म्हणजे भाजी. मग फळ वा गोड. आरंभी येणारा 'आन्तीपास्तो' हा पास्त्याच्या आधीचा म्हणून तसा, अशी समजूत सर्रास आढळते; ती चूक आहे. त्यातील 'पास्तो' म्हणजे भोजन. हा शब्द लॅटिन 'पास्केरे', चारणे, या धातूच्या कुळातला आहे, आणि संस्कृत 'पा', रक्षण करणे, याच्याशी त्याचे मूळ जुळते. 'पास्ता' हा ग्रीकवरून आलेला निराळा शब्द. ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ती लावण्याच्या मोहाचे हे बोधप्रद उदाहरण वर्गात अवश्य सांगावे.

भोजनाच्या वेळांची नावेही प्रदेशानुसार व वर्गानुसार सरकतात. रोममध्ये व दक्षिणेत दुपारचे 'प्रान्झो' व रात्रीचे 'चेना'. तस्कनीत दुपारच्या जेवणाला 'देझिनारे' हा जुना शब्द. उत्तरेकडील प्रतिष्ठितांच्या व औपचारिक प्रसंगांच्या भाषेत दुपारी 'कोलाझिओने' आणि रात्री 'प्रान्झो'. त्यामुळे जुन्या वळणाच्या घरून 'प्रान्झो'चे आमंत्रण आले, तर दुपारी जावे की रात्री, हे विचारून घेणे शहाणपणाचे.

कॉफी उभ्याने, फळीशी, दोन घोटांत घ्यावयाची. बसून घेतली तर बहुधा दाम अधिक पडते. 'काप्पुच्चीनो' हा दुधाळ प्रकार सकाळचा. त्याचे नाव कापुचिन पंथाच्या साधूंच्या तपकिरी झग्यावरून आले. जेवणानंतर तो मागविणे म्हणजे ताकभातानंतर पुन्हा वरणभात मागण्यासारखे आहे: कोणी मनाई करीत नाही, पण पाहणारे पाहतात. नेपल्सला 'काफे सोस्पेझो'ची, म्हणजे 'टांगून ठेवलेल्या कॉफी'ची जुनी चाल आहे. एक कॉफी प्यावी व दोहोंचे पैसे द्यावेत. दुसरी पुढे येणाऱ्या एखाद्या गरजू अनोळखी माणसाची. रोममध्ये गुरुवारी बटाट्याच्या गोळ्यांचे 'न्योक्की' करण्याची रीत आहे, कारण शुक्रवारी मांसवर्ज्य, आणि त्याआधी पोट भरून घेतलेले बरे. नववर्षाला मसूर खातात. चपट्या दाण्यांत नाण्यांचे रूप दिसते.

ताटातला उरलेला रस पावाच्या तुकड्याने निपटून खाणे याला 'फारे ला स्कार्पेत्ता' म्हणतात. शब्दशः 'लहान जोडा करणे'. औपचारिक पंक्तीत हे वर्ज्य, पण घरात हीच सुगरणीला मिळणारी पावती. पावाबरोबर जे जे खाल्ले जाते त्या सर्वांना मिळून 'कोम्पानातिको' असा शब्द आहे: 'कोन', सह, आणि 'पाने', पाव. इंग्रजीत याला सुटसुटीत प्रतिशब्द नाही. मराठीत मात्र आहे. देशावर भाकरीबरोबर खाण्याच्या पातळ पदार्थाला 'कोरड्यास' म्हणतात. ज्या समाजात भाकरी वा पाव हेच मुख्य अन्न असते व बाकी सारे तिला जोड म्हणून येते, तेथेच असा शब्द जन्मतो. आणि 'कोम्पान्यो', सोबती, हाही त्याच घटकांचा: ज्याच्याबरोबर आपण पाव वाटून खातो तो.

परदेशी गेल्यावर या शब्दांचे काय होते हेही पाहण्यासारखे आहे. मुंबई-पुण्याच्या उपाहारगृहांत 'एक पनीनी' मिळते. मुळात ते 'पानीनो' या पुल्लिंगी शब्दाचे अनेकवचन आहे, पाणिनीशी त्याचा काही संबंध नाही, आणि त्याचे एकवचन करणे पाणिनीला रुचलेही नसते. इटलीत नुसते 'लाते' मागितले तर दुधाचा पेला पुढे येतो, व 'पेपेरोनी' मागितले तर ढोबळी मिरची.

८. एका प्रत्ययाचा तंटा

सिसिलीत भाताचा तळलेला गोळा मिळतो. पालेर्मो येथे तो 'आरान्चीना', स्त्रीलिंगी. कातानिया येथे 'आरान्चीनो', पुल्लिंगी. या लिंगभेदावरून दोन्ही नगरांत वर्षानुवर्षे तंटा चालत आला. अखेर क्रुस्का सभेकडे विचारणा झाली, आणि सभेने २०१६ मध्ये सविस्तर उत्तर दिले. नाव संत्र्यावरून पडले, याबद्दल दुमत नाही. इटालियनमध्ये संत्र्याचे झाड पुल्लिंगी व फळ स्त्रीलिंगी; पण सिसिलीच्या बोलीत फळही पुल्लिंगीच. तेव्हा बोलीच्या व्याकरणाने चालणारा 'आरान्चीनो' म्हणतो, प्रमाणभाषेच्या व्याकरणाने चालणारा 'आरान्चीना'. दोन्ही रूपे साधार आहेत. चारशे वर्षांपूर्वी कोंडा पाखडून टाकण्यास बसलेल्या सभेने येथे चाळणी बाजूस ठेवली. भाषाशास्त्राने या काळात जे शिकविले, त्याचे हे सुंदर फलित म्हटले पाहिजे.

९. उपसंहार

आता प्रारंभीच्या प्रश्नाकडे वळू. मिलानचा 'रिसोत्तो', जेनोआचे 'पेस्तो', नेपल्सचे 'मोझ्झारेल्ला' व 'पिझ्झा', सिसिलीचे 'कान्नोली' हे सर्व शब्द बोलींतून येऊन इटालियन झाले. साहित्याची भाषा फ्लॉरेन्सने दिली. ताटाची भाषा सर्व प्रांतांनी मिळून दिली. म्हणून इटालियन पाककला एकसंध व पुरातन आहे, हे म्हणणे टिकत नाही. आणि ती मुळी नाहीच, हेही टिकत नाही. प्रमाणभाषा ही ज्या अर्थाने असते, म्हणजे बोलींच्या देवघेवीतून उभी राहिलेली, काहीशी ठरवून घडविलेली, पण एकदा घडल्यावर लक्षावधी माणसे जिच्यात खरोखर जगतात अशी, त्याच अर्थाने तीही आहे.

मात्र एक चिंता उरते. इटलीच्या सांख्यिकी संस्थेच्या २०१५ च्या पाहणीनुसार घरात मुख्यतः बोलीच वापरणारे लोक १४ टक्के, बोली व इटालियन दोन्ही वापरणारे ३२.२ टक्के, आणि मुख्यतः इटालियन बोलणारे ४५.९ टक्के होते. पदार्थाचे नाव वेष्टनावर छापले जाऊन जगभर पोचते. पण कणकेचा कोणता घट्टपणा योग्य, रस कोणत्या क्षणी 'झाला', वाफ कशी 'बसली', हे सांगणारी क्रियापदे व विशेषणे वेष्टनावर येत नाहीत. ती बोलीबरोबर राहतात आणि बोलीबरोबरच जातात. नाम टिकते व क्रियापद हरवते. वारशाच्या यादीत नाम नोंदविता येते. क्रियापद कोणाच्या तरी तोंडी असावे लागते.

आपल्या विद्यार्थ्यांना यातून घेण्यासारखे आहे ते हेच. डॉ. अ. मा. घाटगे यांनी १९६३ पासून प्रसिद्ध केलेल्या मराठी बोलींच्या पाहणीने ध्वनी व रूपे यांची नोंद करण्याचा पाठ घालून दिला आहे. त्याच शिस्तीने आपापल्या घरच्या चुलीपाशी बसून पीठ मळणे, भाकरी थापणे, फोडणी देणे, आमटी उकळणे या क्रियांचे शब्द वस्तूंच्या व कृतींच्या वर्णनासह टिपून ठेवावेत. साधनसामग्री फारशी लागत नाही. एक वही, आणि जिला विचारावयाचे तिच्यापाशी बसण्याइतका वेळ. ज्या आजीकडून हे शब्द मिळावयाचे ती मात्र कायम आपल्या सोयीची वाट पाहत बसणार नाही.